केसातला मोगरा

"रेवाला तिथं नेऊ नकोस," सासूबाई म्हणाल्या.

मी पिशवी भरत होते. लंगोट, दुपटी, झबली, तापाचं औषध, सर्दीचे थेंब, थर्मामीटर, आणि ते ऐनवेळी बिघडलं तर म्हणून दुसरं थर्मामीटर. रेवा सात महिन्यांची होती आणि मी घराबाहेर पडायचं म्हटलं की दवाखाना पाठीवर बांधूनच निघायची.

"नेऊ नको तर काय करू? ती बाटली तोंडात धरत नाही. दिवसभर उपाशी ठेवू?"

"मग जाऊ नये."

"आई, सुतक-बितक मी मानत नाही. आणि दृष्ट लावत बसायला तिथं कुणाला वेळ आहे?"

"मी सुतकाचं बोलले का?" त्यांनी परात पुढे ओढली. "तिथं ती रडली तर?"

"रडली तर पाजेन."

"तुझं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या आणि पीठ मळायला लागल्या. खाली मला न्यायला आलेली जीप हॉर्न देत होती. मी रेवाला उचललं आणि जिना उतरले.

त्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यातली खडपवाडी डोंगराखाली गेली होती. पेपरात 'दरड कोसळली' असं छापून आलं. वाडीतली उरलेली माणसं मात्र 'डोंगर आला' म्हणायची, पाहुणा आल्यासारखं. तो पहाटे आला. कंपनीत रात्रपाळीला गेलेले, माहेरी गेलेले, उठून परसाकडे गेलेले आणि देवळाच्या बाजूला राहणारे तेवढे वाचले. त्यांना डांबरी रस्त्याच्या कडेला, एका सपाट माळावर पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवलं होतं. एका कंटेनरमध्ये एक कुटुंब, किंवा कुटुंबातलं जे कुणी शिल्लक होतं ते.

मी मानसशास्त्रात एम. ए. केलेलं. लग्नानंतर कॉलेजात थोडं शिकवलं, मग रेवा झाली आणि मी घरी बसले. घरी बसून मी काय करायची तर तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. दिवसातून कितीदा, ते विचारू नका. पुण्याच्या एका संस्थेनं मानसिक आघातावर काम करणारी माणसं इथल्या इथेच तयार करायची ठरवली तेव्हा कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं. मी लगेच हो म्हटलं. मला बरं वाटलं की कुणीतरी मला दुसऱ्या कुणाकडे बघायला सांगतंय.

शिकवायला मंजिरीताई यायच्या. पन्नाशी उलटलेली, आखूड केस, खांद्याला झोळी. भूकंप, पूर, वादळ, सगळीकडे जाऊन आलेल्या. त्यांची एक सवय होती. कुणाशीही बोलायचं तर त्या त्या माणसापेक्षा खाली बसायच्या. माणूस खाटेवर असला तर ह्या जमिनीवर, तो जमिनीवर असला तर ह्या पायरीच्याही खाली, चिखलात. "आपण वरून विचारलं की माणूस अर्जदार होतो," असं त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मंडपात बसवलं आणि माणूस भेदरून त्या आठवणीत मागे गेला की त्याला आजच्या क्षणात कसं आणायचं ते दाखवलं. "डोळे उघडे ठेवा. दोन्ही पाय जमिनीवर टेका. जमिनीनं तुम्हाला धरलंय, हे जाणवू द्या."

कोपऱ्यातून वाडीतले भिकूआबा म्हणाले, "ताई, जमिनीनं धरलं असतं तर आपली गाठ कशाला पडली असती?"

मंडप हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच हसला असेल. मंजिरीताईही हसल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी 'जमीन' शब्द सोडला. "बाकाला हात लावा," म्हणायला लागल्या. "बाक पक्का आहे. मी बसून बघितलाय."

आम्हा शिकणाऱ्यांना त्यांनी सुरुवातीला तीनच गोष्टी विचारायला सांगितल्या होत्या. झोप लागते का. जेवण जातं का. स्वप्नं पडतात का. "बाकी ती माणसं सांगतील. घाई करायची नाही. आणि खोटा दिलासा तर कधीच द्यायचा नाही."

माझ्याकडे जी घरं आली त्यात हर्षदा मालुसरे होती. बावीस-तेवीस वर्षांची, बारावी झालेली, गोरी, हाडकुळी. डोंगर आला त्या दिवशी ती तालुक्याच्या दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी सासूला धाप लागली म्हणून ती सासूला घेऊन गेली आणि पाऊस वाढल्यामुळे तिथंच अडकली. नवरा, संदेश, कंपनीत रात्रपाळीला. घरी तिचा पाच महिन्यांचा मुलगा श्लोक, नणंद आणि सासरे. ते तिघंही सापडले नाहीत. सासू नंतर आठवड्याभरात दवाखान्यातच गेली. आता कंटेनरमध्ये हर्षदा, संदेश आणि संदेशची आत्या. सुभद्राआत्या देवळाच्या बाजूला राहायच्या म्हणून वाचलेल्या.

मी उंबऱ्याखालच्या दगडावर बसले, मंजिरीताईंसारखी. रेवा मांडीवर.

"झोप लागते का?"

"लागते."

"जेवण?"

"जातं."

"स्वप्नं पडतात?"

"नाही पडत."

तिनं दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट धरली होती आणि पदर दुहेरी करून पुढे घेतला होता. बोलताना ती माझ्या कपाळाकडे बघत होती, किंवा माझ्या मागच्या रस्त्याकडे. त्या माळावरच्या बाकीच्या बायका रेवाला ओढूनच घ्यायच्या. एकीकडून दुसरीकडे, गालाला हात लाव, पायातला वाळा वाजव, कुणी तिच्याकडे बघता बघता रडायचं. हर्षदानं तिच्याकडे एकदाही बघितलं नाही. मुद्दाम नव्हे, जसं भिंतीकडे बघत नाही तसं.

तिच्याजवळ बसलं की एक वास यायचा. मोगऱ्याचा, आणि त्याच्याखाली आंबट दुधाचा. आंबट वास मला नवीन नव्हता. त्या दिवसांत माझ्या सगळ्या कपड्यांना तसाच वास यायचा. मला वाटलं, माझाच.

मोगरा मात्र तिच्या केसात होता. ताजा गजरा. रोज.

त्यावरून माळावर बोलणं चालायचंच. नळावर एक बाई दुसरीला म्हणताना मी ऐकलं होतं, "पोर मातीत आणि हिचा गजरा डोक्यात. कुणाला दाखवायचाय?" दुसरी म्हणाली, "नवरा आणतो गो. हौशी हाय."

आमच्यात सुहास पाटणे म्हणून एकजण होता, समाजकार्य शिकलेला, बोलका. संध्याकाळी सगळे मिळून दिवसभराचं सांगायचे तेव्हा तो म्हणाला, "मालुसरेंकडं मला फार बरं वाटतं. तो संदेश कंपनीतून सुटला की वाकडी वाट करून बाजारात जातो आणि तिच्यासाठी गजरा आणतो. आमच्या हिला मी लग्नात दिला तेवढाच."

"ती केसात घालते?" मंजिरीताईंनी विचारलं.

"रोज. आरशात बघून."

मंजिरीताईंनी मान हलवली. दोघं एकमेकांना धरून आहेत, हे चांगलं लक्षण आहे, असं त्यांनी आम्हाला समजावलं. माणसाला पुन्हा नटावंसं वाटायला लागलं की तो परतीच्या रस्त्याला लागला म्हणायचं. मी विचार केला, खरंच आहे. रेवा झाल्यापासून मी तरी कुठं आरशात बघते.

मंजिरीताई दुसऱ्या दिवशी पुण्याला परतणार होत्या. आम्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतके, माळावर घरं पुष्कळ. म्हणून ठरवायचं होतं की कुणाकडे रोज जायचं आणि कुणाकडे आठवड्यातून एकदा गेलं तरी चालेल. हर्षदा आठवड्याच्या गटात गेली. उलट मंजिरीताईंना वाटलं, तिला आपल्यातच घ्यावं. वाडीतल्याच दोघी-तिघींना 'सोबती' म्हणून तयार करायचं होतं, शेजारणीजवळ बसायला, ऐकायला. शिकलेली आहे, शांत आहे, दुसऱ्यांना आधार होईल.

मीही मान डोलावली. माझ्या मनात काही नव्हतंच. फक्त तिची ती कोपरं डोळ्यासमोर येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपात सगळे गोल करून बसलो. रेवा झोपली होती. खांबाला साडीची झोळी बांधून मी तिला त्यात टाकलं होतं आणि झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला अडकवली होती. हर्षदा माझ्या समोर, गोलाच्या पलीकडे. केसात गजरा.

"हर्षदा, तू सोबती होशील?" मंजिरीताईंनी विचारलं. त्या जमिनीवर आणि ती खुर्चीत.

"होईन."

"तुला जड जाईल असं वाटतं का?"

"नाही."

"नको असेल तर नको म्हणायचं हं. मला राग येत नाही."

"चालेल," ती म्हणाली.

तिला उठून जा म्हटलं असतं तरी ती 'चालेल' म्हणाली असती. डोंगरावर चढ म्हटलं असतं तरी.

मग रेवा उठली. आधी कुरकुरली, मी अंगठा हलवला, पण ती भुकेची वेळ होती. तिनं तोंड उघडून सूर लावला. ज्या बायकांनी पाजलंय त्यांना हे ठाऊक असतं. पोराचं रडं कानावर पडतं न पडतं तोच छातीत कळ येते आणि पान्हा सुटतो, आपण काही ठरवायच्या आत. मला कळ आली. मी ओढणी सारखी करायला खाली बघितलं आणि मग वर बघितलं.

समोर हर्षदाच्या पदरावर दोन ओले डाग पसरत होते.

तिनं ते बघितलं नव्हतं. ती रेवाच्या झोळीकडे बघत होती. आल्यापासून पहिल्यांदा. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा तसाच होता, 'जातं', 'लागते', 'चालेल' म्हणणारा. फक्त अंग त्याचं त्याचं काम करत होतं.

मग तिनं कोपरं आवळली आणि उठली. "भांडी राहिलीत," म्हणाली, आणि मंडपाच्या मागच्या बाजूनं गेली.

"बघा, कामाला लागली," सुहास म्हणाला. मंजिरीताई पुढच्या बाईकडे वळल्या.

मी रेवाला झोळीतून काढलं आणि तशीच, रडती, मालुसऱ्यांच्या कंटेनरपाशी गेले. सुभद्राआत्या दारात तांदूळ निवडत होत्या. हर्षदा तिथं नव्हती.

"आत्या, हर्षदाचं दूध आटलं का?"

"हा काय प्रश्न गो? आता आटतच आलं असेल. महिना होऊन गेला."

"कशानं आटतंय?"

"मोगऱ्यानं. छातीला मोगरा बांधला की दूध आटतं, आमच्यात तसंच करतात. फार दूध होतं पोरीला. कळवळायची. मी संदेशला सांगितलं, रोज ताजी फुलं आण, तिला सांगितलं बांध. बांधते ती."

"तुम्ही बांधताना बघितलंत?"

"मी कशाला बघू? लाजते ती. आत जाऊन दार लावते."

"मग केसात काय असतं?"

आत्यांचा हात ताटात थांबला. रेवा माझ्या खांद्यावर मुठी आपटत होती.

"भांडी घासायला गेली म्हणाली मघाशी," मी म्हटलं.

"भांडी तर मी सकाळीच घासली." त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "रोज दुपारची जाते. नदीवर जाते म्हणते."

नदी माळाच्या खालच्या अंगाला होती. मी वर बघितलं. जुन्या वाडीच्या वाटेवर, जिथं लाल-पांढरी पट्टी बांधून रस्ता बंद केला होता, तिच्यापलीकडे एक निळी साडी चढत होती.

"आत्या, हिला धरा."

"भुकेली आहे ती. पाजून जा."

"धरा हो."

मी रेवाला रडत असताना दुसऱ्याच्या हातात कधी दिलं नव्हतं. तेव्हा दिलं. तिचं रडं वाटेभर माझ्या मागून येत राहिलं, मग लहान झालं, मग ऐकू येईनासं झालं, तरी माझा कुर्ता भिजतच होता.

त्या पट्टीपाशी फळी होती, आत जाऊ नये, माती सुटते आहे, म्हणून. ती सुटत होतीच. वरून मधूनच खडे घरंगळत येत आणि थांबत. मी पट्टीखालून वाकले. पहिल्याच पावलाला चप्पल चिखलात राहिली. मला रेवाचा विचार आला, मग आला नाही. डोकं बंद पडलं होतं. मी वर चढत होते, एवढंच.

जिथं मालुसऱ्यांचं घर होतं म्हणतात तिथं आता लाल मातीचा उतार होता, त्यातून एका आंब्याचा शेंडा वर आलेला. त्याच्याजवळ हर्षदा उकिडवी बसली होती. पदर मांडीवर, चोळी उघडी. ती एका हातानं दाबून दूध मातीत पिळत होती. कुणी रोपाला पाणी घालावं तसं, शांतपणे.

मी तिच्यापासून जरा खाली बसले. खाली बसायचं ठरवून नाही, वरची माती पायाखाली सुटत होती म्हणून.

"आत्यांना सांगू नका," ती म्हणाली. मान वळवली नाही.

"नाही सांगत."

"मी वेडी नाहीये. खाली काही पोचत नाही, मला माहीत आहे."

"हो."

"त्याची ही वेळ असते. पेजेची आणि माझी. आधी मी, मग पेज." ती थांबली, दुसरी बाजू घेतली. कळ येऊन तोंड आवळलं गेलं. "आत्या म्हणतात मोगरा बांध. संदेश एवढ्या लांबून आणतो. फेकून दिला तर दिसेल त्यांना. केसात घातला की कुणी काही विचारत नाही."

"बोलतात मात्र."

"बोलतात. विचारत नाहीत."

वरून खडे आले. आम्ही दोघींनी त्यांच्याकडे बघितलं. थांबले.

"हे आटलं की संपलं, ताई," ती म्हणाली. "घर नाही, पाळणा नाही, फोटोसुद्धा संदेशच्या जुन्या फोनमधे होते, तोही घरातच राहिला. एवढंच आहे त्याचं."

मला शिकवलेलं सगळं मी आठवून बघितलं. पाय टेका, जमीन, बाक, श्वास. झोप, जेवण, स्वप्नं. त्यातलं काही त्या उतारावर चालण्यासारखं नव्हतं. मी हात पुढे केला आणि तिच्या छातीवर ठेवला, जी बाजू दाबताना तिनं तोंड आवळलं होतं तिथं. तव्यासारखी भाजत होती. आत लिंबाएवढी गाठ.

"किती दिवस झाले?"

"झालेत थोडे."

"ताप?"

"असतो."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणी विचारलं नाही. झोपेचं विचारतात."

ती पुन्हा दाबायला लागली. दुधात पिवळसर काहीतरी येत होतं. मला दिसत होतं की ती इथून उठणार नाही. आज उठली तरी उद्या येईल, गाठ फुटेपर्यंत येईल, किंवा एखाद्या दुपारी माती खाली येईल तोपर्यंत. आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. माझ्याकडे जे शब्द उरले ते एका आईचे होते.

"तापलेल्या अंगाचं दूध पाजतेस त्याला?" मी म्हटलं.

तिचा हात थांबला.

"नासकं दूध आहे हे, हर्षदा. पू आहे ह्यात. बाळाला बाधेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. कपाळाकडे नाही, मागच्या रस्त्याकडे नाही. माझ्याकडे.

"बाधेल?" तिनं विचारलं.

"बाधणारच. आधी तुझा ताप उतरू दे. डॉक्टर गाठ काढतील. आटवायला कुणी सांगणार नाही, मी सांगते डॉक्टरांना. पण असलं नको पाजू त्याला."

तिनं आपल्या हाताकडे बघितलं. मग हात मातीला पुसला. चोळी लावायला लागली. चिखलानं गुंड्या निसटत होत्या, त्या मी लावल्या. केसातला गजरा सुटून खांद्यावर आला होता. तो तिनं काढला आणि आंब्याच्या शेंड्यावर अडकवला.

"चला," म्हणाली.

खाली आलो तर संदेश नुकताच आला होता. कंपनीचा निळा गणवेश, हातात पानात गुंडाळलेली पुडी. मोगऱ्याचा हंगाम संपत आलेला, फुलं बारकी. तो कधी तिच्या पदराकडे, कधी आमच्या चिखलानं माखलेल्या पायांकडे बघत होता. आत्यांच्या खांद्यावर रेवा रडून रडून झोपली होती.

"आज नको बांधायला," हर्षदा त्याला म्हणाली.

"आटलं का?"

"नाही."

एवढं बोलून ती जीपकडे चालायला लागली. तो पुडी घेऊन तिच्यामागे. जीपमध्ये बसल्यावरही त्याच्या हातात ती पुडी होती. कुठं ठेवायची, त्याला कळत नव्हतं.

तालुक्याच्या दवाखान्यात गाठ फोडली. हर्षदा भूल उतरून झोपेपर्यंत मंजिरीताई माझ्याजवळ बाकावर बसून होत्या. त्यांची पुण्याची गाडी केव्हाच चुकली होती.

"तू तिला खोटं सांगितलंस," त्या म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं होतं. "तापात पाजलेलं चालतं बाळाला. गाठ असली तरी पाजायलाच सांगतात बहुतेक वेळा."

"माहीत आहे."

"आणि बाळ असल्यासारखी बोललीस. हे मी कुणाला शिकवू शकणार नाही, मुग्धा."

"नका शिकवू."

त्यांनी झोळी मांडीवर ओढून घेतली. नंतर म्हणाल्या, "पण चौथा प्रश्न, दुधाचा, तो शिकवीन. इतकी वर्षं मी बायकांना विचारत आले, आणि हे कधी विचारलं नाही. लाज वाटली असेल. आपल्यालाच."

रेवा माझ्या ओढणीखाली पीत होती. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं नव्हतं, हे माझ्या पुष्कळ वेळानं लक्षात आलं.

घरी पोचले तेव्हा रात्र झाली होती. सासूबाईंनी रेवाला माझ्याकडून घेतलं, माझ्या पायावरचा चिखल बघितला, आणि काही न विचारता गरम पाणी काढलं. मी न्हाणीच्या दारात उभी राहिले.

"आई, पहिल्या दिवशी निघताना तुम्ही म्हणालात, तुझं नाही म्हणत मी. कुणाचं म्हणत होतात?"

"रडली का ही तिथं?"

"हो."

"मग कुणाला सुटला पान्हा?"

त्यांनी रेवाचं टोपडं काढलं, केस सारखे केले.

"प्रसादच्या आधी एक होती मला," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांची. भिंतीपलीकडे बर्व्यांची सून बाळंतीण. तिचं पोर दिवसभर रडायचं."

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला, प्रसादला तरी ठाऊक होतं का, कोण जाणे.

"मग काय केलंत?"

"परात घ्यायची. पीठ मळताना हात छातीशी दाबून धरता येतात. कुणाला दिसत नाही." रेवाला खांद्यावर टाकून त्या आत वळल्या. "भाकऱ्या फार व्हायच्या तेव्हा आमच्याकडे. सासरे म्हणायचे, ही कुणासाठी करते एवढ्या."

"कुणी विचारलं नाही?"

"आज विचारलंस की तू."

हर्षदानं मोगरा पुन्हा माळला नाही. डॉक्टरांनी गोळी देऊ केली, तीही घेतली नाही. कंटेनरमध्येच, दार लावून, दुपारची दूध वाटीत काढायची आणि दाराजवळ लावलेल्या तुळशीत घालायची. आत्या बघायच्या आणि तांदूळ निवडायच्या. मी रोज जायची, आठवड्यातून एकदा नाही. रेवाला घरी सासूबाईंकडे ठेवून. ती चमच्यानं प्यायला शिकली, फारशी काही उपाशी राहिली नाही.

पुढे थंडी पडल्यावर एका दुपारी हर्षदाचा फोन आला.

"ताई, आटलं," ती म्हणाली.

मी "बरं," म्हटलं. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिच्या बाजूला नळाचं पाणी वाहत होतं, माझ्याकडे रेवा काहीतरी आपटत होती. मग तिकडून एक आवाज आला. तो आवाज इतक्या दिवसांत मी एकदाही ऐकला नव्हता. ती रडत होती. मी ऐकत राहिले.

रेवा आता शाळेत जाते. हर्षदा अधूनमधून फोन करते, मी तिला विचारते, ती सांगते. 'बरं आहे' एवढ्यावर आम्ही दोघी एकमेकींना सोडत नाही.

हे सगळं आज लिहायला बसले ते एवढ्यासाठी की तुमच्याही घरात, शेजारात, ऑफिसात अशी एखादी असेल. जिचं मूल गेलं, पोटातलं असो की पाळण्यातलं, कालचं असो की चाळीस वर्षांपूर्वीचं. ती कामाला लागली असेल. नीटनेटकी राहत असेल. तिच्याकडे जा, नाहीतर फोन करा. झोप लागते का, जेवण जातं का, हे तिला सगळ्यांनी विचारलेलं असतं. तुम्ही जरा खाली बसा, आणि तिला दुधाचं विचारा.